मोटर लावा, पण सायकल राहू द्या

मे महिन्यात चंद्रपूरहून गडचिरोलीला सायकलने जायचे तर नकाशाआधी घड्याळ बघावे लागते. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेच्या पुलापर्यंतचा रस्ता जवळपास सपाट, अधेमधे चहाच्या टपऱ्या. पायात जोर असलेल्याला हे अंतर काही फार नाही. अडचण आहे ती वेळेची. साडेदहा-अकरा वाजले की ऊन अंगावर येते. पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला टेकणारा हा मुलूख; देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांची यादी निघाली की तीत चंद्रपूर नाहीतर ब्रह्मपुरी असायचीच. मग पहाटे चारला निघा की, असे पुण्या-मुंबईचा सायकलवाला सहज सुचवून जातो. त्याला लोहारा माहीत नसतो. शहर संपून लोहारा मागे पडला की चिचपल्लीकडचा रस्ता जंगलातून जातो, आणि पहाट नि तिन्हीसांज या वाघाच्या वेळा. चांगले उजाडून वर्दळ सुरू झाल्याखेरीज इथला शहाणा माणूस एकट्याने त्या पट्ट्यात सायकल घालत नाही.

एका टोकाला वाघ, दुसऱ्या टोकाला ऊन. मधे उरतात साडेसहा ते साडेदहा असे चार तास. वीस-बावीस किलोची जुनी सायकल, तिच्यावर दहा किलोचे सामान, वेग ताशी चौदा-पंधरा. चार तासांत फार तर साठ किलोमीटर होतात आणि नेमके सावलीत ऊन गाठते. तोच वेग ताशी वीस झाला तर त्याच चार तासांत ऐंशी किलोमीटर बसतात आणि अकराच्या आत माणूस गडचिरोलीत पंख्याखाली असतो. ताशी पाच किलोमीटरचा हा फरक. मोटरकडून मागायचे ते एवढेच, आणि या पुस्तिकेतला सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच आहे.

हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. ‘इलेक्ट्रिक सायकल’ म्हटले की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे पायडल न मारता पळणारी स्वस्तातली स्कूटर येते. ती हवी असेल तर खुशाल स्कूटर घ्यावी. तिला निदान धड ब्रेक आणि धड दिवे तरी असतात. इथे गोष्ट वेगळी आहे. घरात पडून असलेल्या जुन्या टूरिंग सायकलला मोटर अशी बसवायची की जंगलाच्या मधोमध बॅटरी संपली, कंट्रोलर जळाला किंवा रात्री मुक्कामात उंदराने वायर कुरतडली, तरी ती निमूटपणे सायकल म्हणून चालली पाहिजे आणि पुढच्या गावातल्या पंक्चरवाल्याला तिला हात लावता आला पाहिजे. मोटर कोणती, ती कोणत्या चाकात, बॅटरी केवढी, वेग किती, हे सगळे या एका अटीवरून ठरते. दुकानदार उलट्या टोकाने सुरू करतो: ‘किती वॅटची पाहिजे?’ त्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देऊ नये.

लांब पल्ल्याची सायकल या जिल्ह्यांना नवी नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी ‘भारत जोडो’ची हाक दिली आणि डिसेंबर १९८५ मध्ये तरुण-तरुणींची सायकल यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघाली. दुसरी यात्रा १९८८ मध्ये इटानगरहून निघून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत गेली. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना मणक्याच्या दुखण्यामुळे धड बसताही येत नव्हते. ते गाडीत आडवे होऊन सोबत होते आणि पायडल तरुण मारत होते. त्या वेळी पंचविशीत असलेली पिढी आज पासष्टीत आहे. सायकली बऱ्याच जणांच्या शाबूत आहेत, गुडघे नाहीत. जुन्या सायकलला मोटर लावता येईल का, असे विचारणाऱ्यांत मला या वयाची माणसेच जास्त भेटतात. तरुणांना वाटते ही चैन आहे. साठीच्या पुढच्याला ठाऊक असते की समोरून वारा असला की शेवटचे वीस किलोमीटर कसे जातात.

हौसेच्या पलीकडेही इथे सायकल पोटापाण्याची आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तीन चतुर्थांश जंगलाखाली आहे. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडा भागात एसटी पहिल्यांदा पोहोचली ती १ जानेवारी २०२५ ला. जिथे बसच इतक्या उशिरा आली, तिथे शिक्षक, डाकसेवक, आशाताई आणि तेंदूपत्त्याच्या फळीवरचा मुन्शी कशावर फिरत होते, हे वेगळे सांगायला नको. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या तेव्हा त्यांच्या शाळेचा प्रश्न काही अंशी तरी सुटला. म्हणून गडचिरोलीच्या आठवडी बाजारात सायकलचा टायर, ट्यूब, छर्रे आणि काटर पिन आजही मिळते. लिथियमची बॅटरी मिळत नाही. पुढचा सगळा हिशेब याच वस्तुस्थितीवर उभा आहे.

मोटरची कल्पना काही आजची नव्हे. चाकाच्या हबमध्येच मोटर बसवायचे पेटंट ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन माणसाने १८९५ च्या शेवटच्या दिवशी मिळवले होते. तेव्हा बॅटरी शिशाची, जड. त्यामुळे ते कागदावरच राहिले. पायडलला जोड म्हणून मोटर, ही आजची रीत १९९३ मध्ये जपानात यामाहाने बाजारात आणली. पुढे लिथियमच्या बॅटरीने वजनाचा प्रश्न सोडवला, आणि आज मोटर, बॅटरी, कंट्रोलर मिळून सहा ते आठ किलोत काम होते.

आता सायकलीविषयी. आपल्याकडे ‘जुनी टूरिंग सायकल’ दोन प्रकारची निघते. एक, अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांत घेतलेली गिअरची, सातशे सीच्या चाकांची, पोलादी फ्रेमची. तिच्यावर संच बसवणे सोपे आहे आणि त्यावर माहितीही भरपूर मिळते, म्हणून पुस्तिकेत तिच्यासाठी थोडीच पाने दिली आहेत. दुसरी म्हणजे अॅटलस, हर्क्युलिस, हीरो, क्वचित आसनसोलच्या कारखान्यातली रॅले: अठ्ठावीस इंची चाके, सळईचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागे लोखंडी कॅरिअर. हिला कोणी टूरिंग सायकल म्हणत नाही, पण चंद्रपूर-गडचिरोलीत सगळ्यांत जास्त पल्ले हिनेच मारले आहेत. अॅटलसचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, बंद झाला. तेव्हापासून जुन्या अॅटलसचे भंगारातले भाव वाढले नसले तरी लोकांची माया मात्र वाढली. फ्रेम जाड पोलादाची, सांधे पितळेने जोडलेले, तडा गेला तर गावचा वेल्डरही जोडून देतो. मोटरचा ताण सोसायला असे पोलाद अॅल्युमिनियमपेक्षा केव्हाही बरे.

या सायकलीला मोटर पुढच्या चाकात बसवावी, असे माझे मत आहे. पुष्कळ जाणकार मागच्या चाकाचा आग्रह धरतात आणि त्यांची कारणे खोटी नाहीत: मागे वजन असते, पकड चांगली मिळते, पुढचे चाक वाळूत घसरत नाही. पण जरा बारकाईने पाहा. अठ्ठावीस इंची सायकलची मागची रिम चाळीस तारांची असते आणि पुढची बत्तीसची. हबमोटरला भोके बहुधा छत्तीस. म्हणजे तुमच्या जुन्या दोन्ही रिम बाद. नवी रिम घ्यावीच लागते, आणि बाजारात मिळते ती सातशे सीची. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत छापलेले आकडे वाचा: जुन्यावर ६३५, नव्यावर ६२२. फरक तेरा मिलिमीटरचा. डोळ्यांना कळत नाही, पण एकाचा टायर दुसऱ्यावर काही केल्या चढत नाही. हे नवे चाक मागे बसवले, तर मागचा टायर फाटल्यावर तो धानोऱ्याच्या बाजारात मिळणार नाही. आणि टायर झिजतो तो मागचाच आधी, कारण माणसाचे आणि सामानाचे वजन तिथे असते. पुढे बसवले तर मागचे चाक जसेच्या तसे राहते: तोच टायर, तेच फ्री-व्हील, तीच चेन, आणि कोणत्याही गावात दुरुस्ती. पुढच्यासाठी एक घडीचा टायर आणि एक ट्यूब सोबत ठेवली की झाले.

किंमत मोजावी लागते ती पुढच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) टोकांशी. पुढचा जुना एक्सल आठ मिलिमीटरचा, पातळ. मोटरचा एक्सल बारा मिलिमीटरचा, दोन बाजूंनी दहापर्यंत सपाट केलेला. त्यामुळे चिमट्याच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागतात. हे काम ग्राइंडरने करू नये. बारीक चपटी कानस घ्यावी, दर चार-पाच घासांनी एक्सल लावून पाहावा, आणि खाचेच्या फक्त बाजू घासाव्या. खोली वाढवू नये. एक्सल हातदाबाने, किंचित घट्ट बसला पाहिजे. खुळखुळला तर मोटर दर झटक्याला तिथे ठोके देत राहते आणि एक दिवस एक्सल स्वतःभोवतीच फिरतो. वायर पिळून तुटते, चाक बाहेर येते आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म हवेतच. हा पोलादी पट्टीचा तुकडा. त्याचे एक टोक एक्सलच्या सपाट भागावर चपखल बसते आणि दुसरे चिमट्याच्या नळीला क्लिपने आवळतात. काही संचांत तो एकच येतो, काहींत येतच नाही. नसेल तर सहा मिलिमीटर पोलादी पट्टीतून कापून घ्यावा. मोटरसाठी चिमट्याच्या टोकांत शंभर मिलिमीटर जागा लागते. जुन्या चिमट्यात ती थोडी कमी भरते. पोलाद असल्याने चिमटा हळूहळू उघडता येतो, पण दोन्ही पाय सारखे उघडले की नाही, हे दोरी लावून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. अॅल्युमिनियमच्या किंवा शॉकअपच्या चिमट्यावर यातले काहीही करू नका.

सातशे सीच्या चाकाने आणखी एक भानगड होते. सळईचे ब्रेक रिमला आतून, खालच्या अंगाने दाबतात. रिम लहान आणि वेगळ्या घाटाची झाली की पुढचे रबर नीट टेकत नाही. तिथे सरळ केबलचा ब्रेक लावावा, पण त्याचे पाय नव्या रिमपर्यंत पोहोचतात ना, हे आधी बघावे. मागे सळई राहू द्यायला हरकत नाही, मात्र पावसात क्रोमच्या रिमवर ती नावालाच असते. सायकल पूर्वी ताशी चौदाने जात होती, आता वीस-बावीसने जाणार आणि अंगावर सात किलो जास्त असणार. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. चौदाचे वीस झाले की ते दुप्पट होते.

मोटर कोणती, हा प्रश्न इथल्या भूगोलाने सोपा करून ठेवला आहे. पश्चिम महाराष्ट्रातले सायकलवाले बहुधा पायडलच्या आसाच्या जागी बसणाऱ्या मिड-ड्राइव्हची शिफारस करतात, कारण त्यांना घाट चढायचे असतात. ती मोटर सायकलच्या गिअरमधून ताकद देते, चढणीवर तिला तोड नाही. पण तिचा सगळा जोर चेनवर येतो, चेन आणि चकत्या लवकर झिजतात, आणि एकाच चकतीच्या अॅटलसवर तिचा निम्मा फायदा वायाच जातो. आपला मुलूख धानाच्या बांध्यांचा नि मालगुजारी तलावांचा. सुरजागड, टिपागड, भामरागडच्या टेकड्या सोडल्या तर शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये खरा घाट लागत नाही. इथे गिअरची हबमोटर पुरते, तीही अडीचशे वॅटची. हिच्या पोटात लहान दातेरी चकत्या आणि एक क्लच असतो. वीज बंद झाली की क्लच सुटतो आणि चाक साध्या चाकासारखे मोकळे फिरते. मोठ्या थाळीसारखी दिसणारी, गिअर नसलेली मोटर स्वस्त नि टिकाऊ असते खरी, पण बॅटरी संपल्यावर तिच्यातली चुंबके चाकाला धरून ठेवतात. तीस किलोमीटर ती ओढ पायांनी काढून बघावी, म्हणजे क्लचची किंमत कळते.

आता बॅटरी. इथे लोक फसतात ते दुकानदाराच्या ‘एका चार्जिंगमध्ये ऐंशी किलोमीटर’वर. छत्तीस व्होल्ट आणि दहा अँपिअर-तास म्हणजे तीनशे साठ वॅट-तास. तुम्ही पायडल मारत आहात, वेग विशीचा आहे, वारा फार नाही, तर किलोमीटरला पाच ते आठ वॅट-तास जातात. मधला सहाचा आकडा धरला तर दहा अँपिअरची बॅटरी साठ किलोमीटर नेईल. गडचिरोली ऐंशीवर आहे. म्हणून चौदा अँपिअरची घ्यावी, आणि वारा समोरून असण्याची भीती असेल तर सतराची. त्याहून मोठीच्या मागे लागू नये. वजन, किंमत आणि चार्जिंगचा वेळ तिन्ही वाढतात. पायडल सोडून नुसती मोटर ओढू लागली की हाच खर्च दुपटीच्याही पुढे जातो, आणि सगळे गणित मूलच्या आसपासच कोसळते.

उन्हाचे गणित आणखी कडक आहे. लिथियमची बॅटरी साधारणतः साठ अंशांपर्यंत वीज देते, पण भरताना तिच्या सेलचे तापमान पंचेचाळीसच्या वर असता कामा नये. मेमध्ये चंद्रपुरात दुपारी सावलीतली हवाच कित्येकदा त्याच्या वर जाते. दुपारी बाराला टपरीवर पोहोचून तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावली तर चांगल्या पॅकमधले बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारे सर्किट, वीज आत घेणारच नाही, आणि लोक समजतात चार्जर बिघडला. स्वस्त पॅक मात्र मुकाट्याने घेतो, आणि धोका असतो तो तिथे. सेल आतून खराब होत जातात आणि कधीतरी फुगतात. उन्हाळ्यात बॅटरी भरायची वेळ म्हणजे रात्री जेवणानंतर. खोलीत, फरशीवर, गादीपासून दूर. दिवसा ती काळ्या पिशवीत ठेवू नका. पांढऱ्या सुती फडक्याची सैल खोळ शिवून घ्यावी आणि ती फ्रेमच्या मधल्या नळीखाली, स्वतःच्या पायांच्या सावलीत टांगावी. फडके ओले करण्याचा मोह होतो, तो आवरावा. उन्हाळाभर सायकल काढणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून थंड जागी ठेवावी. पूर्ण भरलेली बॅटरी उकाड्यात पडून म्हातारी होते.

भंगारातल्या लॅपटॉपच्या सेलपासून बनवलेले पॅक आपल्याकडे निम्म्या भावात मिळतात. ते घेऊ नयेत, एवढेच इथे लिहितो. कारणे चौथ्या प्रकरणात आहेत, चित्रांसह.

वीज येते कुठून, याचा विचार या गावात राहून टाळता येत नाही. ताडोब्याकडे निघाले की डाव्या-उजव्या हाताला दुर्गापूर, ऊर्जानगर, कोळशाच्या खाणी आणि महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या. दोन हजार नऊशे वीस मेगावॅटचे हे केंद्र निम्म्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. चौदा अँपिअरची बॅटरी भरायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते, म्हणजे पाव ते अर्धा किलो कोळसा जळतो. तेव्हा ‘प्रदूषणमुक्त सायकल’ ही पाटी आपण चंद्रपूरकरांनी लावू नये. पण त्याच ऐंशी किलोमीटरला मोटरसायकल दीड-दोन लिटर पेट्रोल पिते, हेही हिशेबात धरावे. पैशाने बघाल तर एका भरणीला चहाच्या एका कपाहून कमीच लागतात. म्हणून टपरीवर, आश्रमशाळेत किंवा ग्रामपंचायतीत बॅटरी भरू द्या म्हणताना संकोच नको. मात्र विचारल्याशिवाय पिन खुपसू नये, आणि गेलेली वीज रात्रभर आली नाही तर कुरकूर करू नये. हेमलकशाला १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आणि पुढेही कित्येक वर्षे तिथे वीज नव्हती. आजही पावसाळ्यात आलापल्लीच्या पलीकडे तारेवर झाड पडले की एक-दोन दिवस सहज जातात. तिकडे जाताना बॅटरी भरून मिळेल असे धरून निघूच नये.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पायडलला जोड देणारी मोटर अडीचशे वॅटच्या आत असेल, पंचवीसचा वेग गाठताच किंवा पायडल थांबताच तिची ओढ बंद होत असेल, तर ती सायकल मोटार वाहनात धरली जात नाही. लायसन्स नको, नंबर नको, विमा नको. या मर्यादेबाहेर गेलात, पाचशे-हजार वॅटची मोटर आणि मुठीवरचा थ्रॉटल लावला, तर तुम्ही बिननंबरची मोटरसायकल चालवत असता. अपघात झाला की हे कळते. कंट्रोलरमध्ये पंचविसाची मर्यादा काढून टाकायची एक वायर असते. मिस्त्री ती हौसेने कापून देतो. कापू देऊ नका. वर केलेल्या हिशेबात विशीचा वेग पुरतो आहे, पंचविशी ओलांडायची गरज कुठेच पडत नाही.

जंगलात ही सायकल मोटरसायकलपेक्षा धोक्याची, कारण तिला आवाज नाही. वळणापलीकडे रानगवा असो की रानडुकरांचा कळप, त्याला तुमची चाहूल लागत नाही आणि वीसच्या वेगाने तुम्ही अगदी जवळ जाऊन पोहोचता. वळणावर घंटी वाजवत राहा. २०२१ च्या पावसाळ्यानंतर छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हापासून धानोरा, कोरची, कुरखेडा भागात निघण्यापूर्वी वनरक्षकाला किंवा गावच्या पोलीस पाटलाला विचारून निघायची सवय लोकांनी लावून घेतली आहे, तुम्हीही लावा. व्याघ्र प्रकल्पाच्या फाटकातून सायकल आत सोडत नाहीत, तिथे हुज्जत घालू नये.

पंक्चरबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना माणूस वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो, आणि वाघाचे बरेच हल्ले अशाच माणसांवर होतात. उभा माणूस त्याला वेगळा दिसतो. रस्त्याच्या कडेला चाक उघडून पंक्चर काढणारा सायकलस्वार नेमका त्याच अवस्थेत, झुडपाकडे पाठ करून, वीस मिनिटे बसलेला असतो. तेव्हा जंगलपट्ट्यात पंक्चर झाले तर तिथे बसू नये. हवा भरून पाहावी, ती टिकेल तितके पुढे जावे, नाहीतर सायकल हाताने ढकलत उघड्या माळावर किंवा वस्तीजवळ आणावी. मोटरच्या चाकाचे पंक्चर कसे काढायचे, अशी धास्ती अनेकांना असते, कारण ते चाक खोलायला मोठा पाना लागतो, वायर सोडवावी लागते. पण आपले पंक्चरवाले पूर्वीपासून चाक न खोलताच काम करत आले आहेत: टायरची एक कड सोडवायची, ट्यूब बाजूने बाहेर ओढायची, भोक शोधून ठिगळ लावायचे, परत आत. चेनकव्हरच्या सायकलचे मागचे चाक काढणे इतके किचकट होते की ही युक्ती निघालीच. मोटरच्या चाकाला ती जशीच्या तशी लागू पडते.

रस्त्यांविषयी एक-दोन गोष्टी. आष्टीहून आलापल्लीकडे आणि पुढे एटापल्लीला जाणाऱ्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चालतात. हँडलला आरसा नसेल तर त्या रस्त्याला जाऊ नये, आणि असला तरी शक्य तर आलापल्लीहून पुढे सिरोंच्याचा रस्ता धरावा. तो सुमारे शंभर किलोमीटर सागवानाच्या जंगलातून जातो, वाटेत वस्ती विरळ. पण प्राणहितेच्या काठापर्यंतचा तो प्रवास हिवाळ्यात करण्याजोगा आहे. सिरोंच्याला तेलुगू चालते, भामरागडला माडिया. दोन-चार शब्द शिकून गेलात तर बॅटरीपेक्षा जास्त उपयोगी पडतील. पावसाळ्यात आलापल्लीच्या पलीकडे जाऊ नका. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि कंबरभर पाण्यातून नेलेली हबमोटर वाळवून परत चालवणे हा वेगळाच व्यवसाय आहे.

शेवटी एक सूचना, जी संच विकणाऱ्यांना आवडणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवसभर रस्ता मोकळा असतो, ऊन गोड असते, सकाळी आठला निघून संध्याकाळी पाचच्या आत सत्तर-ऐंशी किलोमीटर आरामात होतात. गुडघे ठीक असतील तर त्या चार महिन्यांत मोटर लागत नाही. जुने पुढचे चाक जपून ठेवले असेल, चिमट्याच्या खाचांत जुना एक्सल नीट बसेल असे दोन वायसर बनवून घेतले असतील, आणि ब्रेक दोन्ही रिमना चालेल असा बसवला असेल, तर अर्ध्या तासात मोटरचे चाक काढून जुने लावता येते. सायकल सात किलोंनी हलकी होते. मी तसेच करतो.

पुस्तिकेचा क्रम याच विचाराने लावला आहे. पहिल्या दोन प्रकरणांत मोटरचा उल्लेख नाही. त्यांत पायडलच्या आसाचे (बीबीचे) कप-कोन, हेडसेटचे छर्रे, रिम सरळ करणे, काटर पिन बदलणे आणि ब्रेक आहेत. तिसऱ्यात चिमटा आणि टॉर्क आर्म, चौथ्यात बॅटरी, पाचव्यात वायरिंग. संचाची पेटी घरी आली असेल तर ती तूर्त माळ्यावर ठेवा आणि आधी सायकल उलटी करून पुढच्या चाकाचे कोन किती सैल झालेत ते हात लावून बघा.